चादरींचा पांढरा

६ जानेवारी

परत पिवळं! सकाळपासून नमुना म्हणून छापलेली ही तिसरी पट्टी. आईने ती खिडकीशी नेली, चष्मा कपाळावर चढवला, अगदी नाक लावून पाहिली आणि टेबलावर टाकली.

"पिवळं आहे गं. चादरी बघ की. धुतलेल्या वाटतात का ह्या?"

मला त्या पांढऱ्याशुभ्र दिसतात. तसं म्हणाले.

"मग फोटो तूच का नाही काढलेस?"

झालं!

खरं तर किती हौसेने हे काम हातात घेतलं होतं. हॉस्पिटलच्या धुलाईघरातले तिने काढलेले जुने फोटो — वाफ, लांबच लांब चादरी, बाह्या सरसावलेल्या बायका. मी शाळेत होते तेव्हाचे. इतकी वर्षं फिल्म नुसती डब्यात पडून. आता गॅलरीवाली प्रदर्शन भरवतेय, तिला मोठे प्रिंट हवेत, जाड कॉटन कागदावर. फोटो आईचे, प्रिंटिंग माझा धंदा. वाटलं होतं, दोघी मिळून करू. मिळून!

८ जानेवारी

"निळा वाढव." वाढवला. "अजून थोडा." हो आई.

नवरा पलीकडे फ्रेमच्या लाकडी पट्ट्या कापता कापता सगळं ऐकत होता. आई गेल्यावर म्हणाला, "अगं, स्पष्ट सांग ना त्यांना, बिघडतंय म्हणून." तुझ्या सासूबाई आहेत, तूच सांग, म्हटलं. परत पट्ट्या कापायला लागला.

११ जानेवारी

आज डोकंच फिरलं माझं. "अजून पिवळं, अजून पिवळं" — घे म्हटलं निळा! मुद्दाम भरमसाट वाढवला. चादरी तर सोडाच, बायकांचे हातसुद्धा गारठल्यासारखे दिसायला लागले. वाटलं, आता तरी म्हणेल, अगं बाई, हे काय करून ठेवलंस!

आईने पट्टी बघितली. बराच वेळ. मग हसली — चक्क माझ्याकडे बघून.

"हं. आत्ता जमलं. एवढा वेळ लागतो का गं?"

चिडून केलंय, हे अगदी ओठांवर आलं होतं. नाही बोलले. फोटो तिचे, नाव तिचं. मला काय!

१५ जानेवारी

सगळे प्रिंट झाले. आईने भिंग घेऊन एकेक तपासला आणि मगच खाली पेन्सिलने सही केली. कागद सुंदर आहे. एवढंच म्हणता येईल.

२ फेब्रुवारी

प्रदर्शन उघडलं. गॅलरीवाली जो येईल त्याला "हा थंडगार निळा बघा" म्हणत फिरत होती. एका गृहस्थांनी आईला विचारलं, "हा निळा सुचला कसा तुम्हाला?"

"निळा?" आई म्हणाली. "कुठे आहे निळा?"

सगळे हसले. काय मिश्कील आहेत बाई! मी हसले नाही. आई थट्टा करत नव्हती. ती भिंतीकडे बघत होती, या प्रिंटवरून त्या प्रिंटवर. खरंच शोधत होती.

एकेक आठवायला लागलं. मागे एकदा तिने दूध पिवळं पडलंय म्हणून ओतून दिलं होतं — चांगलं होतं. एका पायात काळा मोजा, एका पायात निळा. मी हसले होते. जिना उतरताना हल्ली माझा हात धरते. मला वाटायचं, गुडघे. आणि मी मात्र तिला हेकट म्हणत बसले!

तेवढ्यात एका बाईने प्रिंट घेतला. चादरीची घडी घालणाऱ्या बाईचा. "ही माझी आई," म्हणाली. "फोटो काढलाय हे तिने सांगितलं होतं. बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं." आईने तिचे दोन्ही हात हातात घेतले. प्रिंटच्या शेजारी, विकला गेला म्हणून, लाल टिकली लागली.

तेव्हा तरी तोंड उघडायला हवं होतं. पण आई इतकी खूश होती.

५ फेब्रुवारी

डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला. "सगळं पिवळ्या काचेतून बघत होत्या इतके दिवस," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "घरात कुणाच्या लक्षात नाही आलं?"

"नीट दिसत नाही हे मीच कुणाला सांगितलं नाही," आई म्हणाली.

मी समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचत राहिले.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं. डावा आतून कमजोर आहे, त्याला हात लावण्यात अर्थ नाही.

२० फेब्रुवारी

ऑपरेशन नीट झालं.

२४ फेब्रुवारी

डोळा उघडला. आईला घरी नाही, आधी गॅलरीत जायचं होतं. नको म्हटलं. ऐकेल तर ना!

पहिल्याच प्रिंटसमोर थांबली. ऑपरेशनचा डोळा मिटून बघितलं, उघडून बघितलं. मग दुसरा प्रिंट. मग तिसरा.

"हे मी पास केलं?"

"हो."

"तुला दिसत होतं?"

"हो."

"मग?"

"तू ऐकलं असतंस का?"

"नसतं ऐकलं." पुढच्या प्रिंटकडे सरकत म्हणाली, "पण एरवी भांडतेस की. आमटीत मीठ जास्त झालं तरी भांडतेस."

मग सांगून टाकलं. शेवटचा निळा मी रागाने वाढवला होता. मुद्दाम. तू थांबवशील म्हणून.

आई बाहेर पडली. गाडीत सरळ पुढे बघत बसली. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

१ मार्च

आईला फोन केला. "बरी आहे." ठेवला.

३ मार्च

"बरी आहे." ठेवला.

६ मार्च

प्रदर्शन गेल्या आठवड्यातच संपलं. आज राहिलेले प्रिंट उतरवून आणले आणि गॅलरीवालीकडून पत्ता घेऊन, प्रिंट विकत घेतलेल्या त्या बाईच्या घरी गेले. प्रिंट बैठकीच्या खोलीत, दारातून शिरल्या शिरल्या दिसेल असा लावलाय. आईची नजर, तिचा मोतीबिंदू, सगळं सांगितलं. माझा रागही सांगितला. रंग चुकलाय, बदलून देते, म्हटलं.

ती उठून प्रिंटपाशी गेली.

"म्हणजे चादरी पांढऱ्याच होत्या?"

"पांढऱ्याच."

"बघा! मी लहानपणी तिथे त्यांच्याखाली खेळायचे. माझी आई म्हणायची, डाग राहिला तर मला झोप लागत नाही. हा फोटो बघितला आणि वाटलं, माझंच चुकतंय. इतक्या वर्षांत आपणच मनाने पांढऱ्या केल्या. रोज बघते आणि रोज तेच वाटतं."

आईच्या एका "थांब"साठी मी अडून बसले, आणि तिकडे कुणाची तरी आठवण डागाळली.

७ मार्च

आईकडे गेले. त्या बाईचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. तिने हातातलं ताट खाली ठेवलं.

"सगळे प्रिंट परत काढू," मी म्हटलं. "तू शेजारी बस. तू म्हणशील तसं."

"कुठल्या डोळ्याने बसू?" ती म्हणाली. "हा सगळं निळं दाखवतो, तो पिवळं. डॉक्टर म्हणतात, सवय होईल. मला आता माझाच भरवसा वाटत नाही."

"मग मी सांगेन ना."

"तू?" एवढंच. मान वळवून खिडकीबाहेर बघायला लागली. चहा न घेताच निघाले.

त्या एका "तू?"मध्ये सगळं आलं. बरोबर आहे तिचं. सांगायची वेळ होती तेव्हा मी कुठे सांगितलं?

१० मार्च

एक पट्टी काढली. मला पांढरी वाटते. दाखवायची कुणाला?

१३ मार्च

दुपारी बाहेर गेले होते. आले तर नवरा म्हणाला, "आई येऊन गेल्या. पट्टी बघायची का विचारलं, तर नको म्हणाल्या. कागदाचं नवं खोकं मागितलं आणि टेबलाशी बसून होत्या बराच वेळ."

खोकं उघडलं. कोरे कागद. एकावरही काही छापलेलं नाही. आणि प्रत्येकाच्या खाली, पेन्सिलने, आईची सही.