नळीची चावी

४ मार्च

ती. ताईस,
धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

मी दवाखान्यात आहे. लगेच बोंब मारू नकोस, सगळं वाच, मग मार. उजवा खांदा दुखत होता, वाटलं पाइप उचलून दुखतोय. हुडहुडी भरून ताप यायचा, तर खोलीतल्या वेल्डरच्या उरलेल्या गोळ्या खाल्ल्या. ताप उतरायचा, परत चढायचा. शेवटी कामावरच कोसळलो. सोनोग्राफीत दिसलं, लिव्हरमध्ये मुठीएवढा पू साठलाय. खांद्याचं दुखणंसुद्धा तिथलंच म्हणे! फासळ्यांमधून सुई घालून नळी बसवलीय, खाली पिशवी. सलाइनमधून अँटिबायोटिक चालूच.

पण पू काही थांबेना. ताई, मी पाइपाचा माणूस, गळकी लाइन मला बघवत नाही. वाटलं, अंगातलं सगळं असंच गळून जाणार. नळीला बारकी चावी आहे, ती आज दुपारी फिरवून बंद केली. नर्सबाईंना पत्ता नाही. आता कसं कोरडं आहे.

रागव, पण माया कमी करू नकोस.

तुझा भिंगऱ्या

९ मार्च

चि. भिंगऱ्यास अ. उ. आ.

अरे गाढवा, ती चावी आधी उघड! पुढचं नंतर वाच. तुझं पत्र घेऊन इथल्या डॉक्टरीणबाईंकडे पळाले. त्या म्हणाल्या, पू बाहेर यायलाच हवा, आत कोंडला तर विष रक्तात भिनतं. तुझ्या वॉर्डाला फोन करकरून थकले, कुणी उचलत नाही. लहानपणी सगळी दारं सताड उघडी टाकायचास, आणि बंद करायला नेमकी हीच सापडली का रे तुला?

हे तुझ्या हाती पडेल तेव्हा तू शुद्धीत असावास, एवढंच मागते.

तुझी ताई

१५ मार्च

ती. ताईस,
सा. न.

तुझं पत्र आज मिळालं. चावी मी बंद केली त्याच संध्याकाळी नर्सबाईंनी उघडली, मी खाटेसकट थडथडत होतो तेव्हा. तोवर व्हायचं ते झालं होतं. पू तपासायला पाठवला होता, त्यावरून औषध बदललं. परत स्कॅन केला, तर आत कप्पे झालेत, एका नळीने भागत नाही. आता दुसरी घातलीय. तिनेही साफ झालं नाही तर पोट उघडायचं म्हणतात.

चावी मी बंद केली, हे डॉक्टरांना मीच सांगितलं. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. नुसते खुर्ची ओढून बसले आणि विचारलं, घरी कोण आहे. मी तुझं नाव सांगितलं.

अक्षर वाकडं आलंय ते तापाने नाही. घाबरलोय गं. लोभबिभ सगळा तिथेच ठेव, उत्तरही लिहीत बसू नकोस. निघ.

भिंगऱ्या