समुद्रफुलाला पाणी

३ ऑगस्ट

नोकरी लागली! खोटं बोलून लागली, पण लागली.

डॉक्टरबाईंनी विचारलं, कुठला? म्हटलं, किनाऱ्याचा, मालिंदीकडचा. समुद्रातल्या जिवांचं काही कळतं का? म्हटलं, बाई, आमच्यात पोर चालायच्या आधी पोहतं. बाप प्रवाळातला कोळी, आजा प्रवाळातला कोळी.

बाप बकऱ्या राखतो. आज्याला ओढा ओलांडायचा म्हटलं तरी घाम फुटायचा. मला स्वतःला पोहता येत नाही. गोंगोनीच्या मिठागरावर दोन हंगाम मीठ ओढलं, तेवढाच माझा नि समुद्राचा संबंध — तोही घोट्यापर्यंत.

पण एल्डोरेटच्या लोकांना काय कळतंय! सगळे डोंगरातले. किनाऱ्याचा माणूस म्हटला की यांना वाटतं, सदऱ्याखाली खवले असणार.

काम असं — दातांचा दवाखाना झाडायचा, पुसायचा, आणि बसायच्या खोलीतली खाऱ्या पाण्याची काचपेटी सांभाळायची. दात काढायला आलेली माणसं तिच्याकडे बघत बसतात, म्हणजे पळून जात नाहीत. पेटी केवढी? आमच्या आईचं मक्याची उगाली शिजवायचं पातेलं मोठं असेल. राहायला मागे खोली. खाट आहे. पिशवी खाटेखाली सरकवली, भरलेलीच. ती मी कुठेच रिकामी करत नाही. सहा ठिकाणी कामं केली, कधी पिशवी भरायला वेळ गेला नाही.

४ ऑगस्ट

पहिल्याच दिवशी माती खाल्ली.

पेटीत खडकावर एक फूल आहे. फुगीर पाकळ्या, जांभळी टोकं. मी जाणत्यासारखी मान हलवली, हात मागे बांधले आणि विचारलं, या फुलाला पाणी कधी घालायचं?

चेलागाट — दाराशी बसून नावं लिहून घेते ती — हसता हसता टेबलावर आडवी झाली. फूल नाही म्हणे ते, जनावर आहे. समुद्रफूल. त्याला तोंड आहे, बाजारच्या कोळंबीचा तुकडा दिला तर गिळतं.

"कप्तान," ती म्हणाली, "अहो पाण्यातच आहे ते. आणखी किती घालणार?"

झालं. आता दवाखानाभर मी कप्तान. डॉक्टरबाई तेव्हा आत कुणाच्या जबड्यात होत्या, म्हणून वाचलो.

७ ऑगस्ट

माझ्या आधी जो होता तो खरा कोळी होता, वासिनी बेटावरचा. एका सुट्टीत पेटीचा हीटर बंद पडला. सगळं मेलं, कुजलं. हा गडी दाराखालून किल्ली आत सरकवून पसार! महिनाभर वास गेला नाही म्हणे. लोकांना वाटायचं बाईंनी उपटलेले दात साठवलेत.

बाईंनी आज सरळ सांगितलं. परत तसा वास आला तर पेटी विकीन. आणि पेटी गेली की तुझंही काम संपलं, झाडायला मला शेजारची बाई मिळते.

म्हणजे माझी भाकरी एका फुलाच्या तोंडात.

१२ ऑगस्ट

कोळंबी मेली.

पेटीत एकच होती, लाल पाठीवर पांढरा पट्टा. पाण्यात गेलेल्या हाताची नखं कोरून साफ करायची. सकाळी पाहतो तर तळाशी उताणी, पाय वर, आरपार काचेसारखी. कुणी यायच्या आत उचलली, चहाच्या पुडक्यात गुंडाळली, गुलाबाच्या झाडाखाली पुरली. दोन शब्द प्रार्थनाही म्हटली. बाईंना काय सांगायचं ते जुळवतोय.

१३ ऑगस्ट

कोळंबी जिवंत आहे!

खडकामागून मिशा हलवत आली. मी काचेला नाक लावलं. गुडघ्यांवर बसलो होतो तेवढ्यात मागून कुणी खाकरलं. कीप्तानुई आजोबा. जुने लॉरी ड्रायव्हर, गालाला मफलर बांधून रोज येतात. दाढ किडलीय. येतात, पेटीसमोर बसतात, चेलागाटने नाव पुकारलं की "आज नको, उद्या बघू" म्हणून उठून जातात.

मी कोळंबी पुरल्याचं सांगितलं. तोंडून गेलंच. दुखऱ्या दाढेवर हात दाबून आजोबा हसले. म्हणाले, कात टाकली रे तिने, साप टाकतो तशी. तू सालाला मूठमाती दिलीस. मग माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. "तू किनाऱ्याचा ना?"

म्हटलं, आमच्याकडच्या कोळंब्या कात नाही टाकत.

असलं उत्तर देणाऱ्याला काय म्हणावं!

१९ ऑगस्ट

इथली हवा कोरडी, पेटी उघडी, पाणी गरम. रोज बोटभर पाणी उडून जातं. बाईंनी सांगितलं होतं, कमी झालं की भरत जा. कुठलं, ते त्या बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही. त्यात विचारायचं काय? समुद्राच्या भांड्यात समुद्रच भरायचा. मोंबासाच्या बसने पिवळ्या डब्यांतून समुद्राचं पाणी येतं, पेटी धुवायच्या दिवसासाठी. मी एक डबा जादा मागवला. रोज सकाळी भरतो, काठोकाठ.

मिठागरावर हेच तर शिकलो! मुकादम बांधावर उभा राहून ओरडायचा — वाफा आटला, दार उघडा, समुद्र आत घ्या! आयुष्यात एक तरी शिक्षण कामी आलं.

३० ऑगस्ट

आईचा फोन. तिची सुरुवात ठरलेली — "कुठे आहेस आता?" म्हटलं, एल्डोरेटलाच. म्हणाली, अजून? तुझ्या पायाला भिंगरी, पुढच्या वेळी फोन करीन तेव्हा कुठल्या गावचा पाऊस सांगशील कोण जाणे.

मी तिला फुलाचं सांगितलं. पेटीत बोट घातलं की पाकळ्या चिकटतात, मांजराच्या जिभेसारख्या. आई म्हणाली, जेवतोस ना वेळेवर?

२ सप्टेंबर

चेलागाटने घरचं, राख चोळलेल्या भोपळ्यात मुरवलेलं आंबट दूध आणलं. म्हणाली, हे प्यालास की डोंगरातला होशील. एका घोटात प्यालो. संध्याकाळपर्यंत डोंगरातला झालो नाही, पण संडासातून बाहेरही आलो नाही.

१४ सप्टेंबर

काहीतरी बिनसलंय.

खडकावरची पोवळी रोज सकाळी बोटं बाहेर काढतात, ती चार दिवस मिटलेली. समुद्रफूल आक्रसून सुकल्या अंजिराएवढं झालं. कोळंबीचा तुकडा दिला, थुंकलं.

पाण्यातलं मीठ मोजायची काट्याची डबी आहे. काटा जिथे हवा तिथेच. कधीच हलत नाही तो, इतका भरवशाचा!

मग भूक नसेल. की थंडी? की मलाच बघून कंटाळलं?

१८ सप्टेंबर

बाई किसुमूला गेल्या, भाचीचं लग्न. सोमवारी येणार. जाताना पेटीत वाकून बघितलं. "याला काय झालंय?" म्हटलं, बाई, आमच्याकडे या दिवसांत असंच असतं, भरतीची वेळ. त्यांनी किल्ली हातात ठेवली.

भरती! या डोंगरात!

१९ सप्टेंबर

फुलाने खडक सोडला.

सकाळी दवाखाना उघडला तर ते पाण्यात सुटं तरंगत होतं, उलटं, बूड वर. जागा सोडणारा मी एकटाच नाही म्हणायचं. कोळंबी कोपऱ्यात अंग चोरून. मी सरळ मागे गेलो आणि पिशवी काढली. किसुमूहून बाई यायच्या आत दुपारच्या बसने निघायचं. किल्ली दाराखालून सरकवायची — रीत आता माहीतच होती.

पिशवी खांद्यावर घेऊन बाहेर येतो तर पेटीसमोर कीप्तानुई आजोबा. शनिवारचा अर्धा दिवस, चेलागाट रजिस्टर आवरत होती. आजोबांनी पिशवीकडे बघितलं, पेटीकडे बघितलं. मग माझ्या सपातांतल्या टाचांकडे.

"गोंगोनीहून मीठ भरून आणायचो मी," ते म्हणाले. "लॉरी भरेपर्यंत बांधावर बसून तुम्हा लोकांच्या टाचा बघायच्या, दुसरं काम काय? कोळ्याची टाच अशी नाही फुटत, पोरा."

विचारलं, मग बाईंना सांगितलं का नाही?

"माझी दाढ मी माझ्या बायकोला सांगत नाही. तुझ्या टाचा बाईंना कशाला सांगू?"

पेटीच्या काठावर पांढरी खरपूड जमते. मी ती रोज पुसतो, परत येते. आजोबांनी नखाने थोडी खरवडली, जिभेवर ठेवली.

"मीठ मात्र झकास पिकवलंयस. इथेच वखार टाक."

ते गमतीने बोलले. मी पिशवी खांद्यावरून उतरवली.

वाफा आटतो तेव्हा पाणी जातं, मीठ कुठे जातं? मीठ राहतं! म्हणून तर वर समुद्र सोडायचा, परत आटवायचा, परत सोडायचा. मीठ असंच तर पिकतं. दोन हंगाम पाठ सोलून घेतली ती कशासाठी? आणि इथे रोज सकाळी स्वतःच्या हाताने, काठोकाठ —

बोट बुडवून चाटलं. मिठागराच्या दुसऱ्या वाफ्यातलं, अर्धं आटलेलं पाणी. मुकादमाने शाबासकी दिली असती. काट्याची डबी उघडली, तर काटा मिठाने जाम झालेला. भरवशाचा!

चेलागाटला सगळं सांगितलं, टाचांपासून. हसायचं सोडून तिने कपाट उघडलं. अवजारं उकळायच्या यंत्राला लागतं ते कोरं, बिनक्षाराचं पाणी, त्याचे डबे तिच्या ताब्यात. बाईंच्या इंग्रजी पुस्तकातून तिने वाचून दाखवलं, कारण मी सहावीतूनच उठलेला. आटलेल्या पाण्याजागी कोरं पाणीच घालायचं. पण मीठ एकदा चढलं तर एकदम उतरवायचं नाही, जीव दगावतात. थोडं काढायचं, थोडं घालायचं, वाट बघायची. दिवसच्या दिवस.

"म्हणजे कप्तान," ती म्हणाली, "फुलाला पाणी घालायचंच होतं."

पेलाभर खारं काढलं, पेलाभर कोरं घातलं. बस गेली असणार. लक्षात आलं तेव्हा चौथा की पाचवा पेला चालू होता.

२० सप्टेंबर

दिवसभर पेला. फूल एका दगडाच्या खाचेत नेऊन ठेवलं. राहिलं नाही. परत ठेवलं. परत सुटलं. मी त्याला आईच्या तोंडचे सगळे शब्द ऐकवले.

चेलागाट चर्चमधून उकडलेलं कणीस घेऊन आली. एका हातात कणीस, एका हातात पेला. पेटीची मोटर तेवढी बोलत होती.

२१ सप्टेंबर

बाई आल्या. पर्स खाली ठेवायच्या आत सांगून टाकलं. बाप बकऱ्या राखतो. मी मिठागरावरचा. पेटीचं मिठागर मी केलं. भरती वगैरे काही नव्हतं.

बाईंनी हातमोजे घातले, फुलाला हळूच बोट लावलं. मग म्हणाल्या, "मरेल हे. किंवा नाही मरणार. आता सांगता येत नाही."

मी विचारलं, मी जाऊ का?

"आधीचा खरं बोलला होता आणि पळाला," त्या म्हणाल्या. "तू खोटं बोललास. खोटं ते खोटंच, विसरणार नाही मी. पण हे जगेल की मरेल ते बघायला इथे कुणीतरी हवंच. मेलं तर फेकायलाही तूच. पेला आण."

आजोबांचं आज चेलागाटने नाव पुकारलं. ते उठले, माझ्याकडे बघितलं, म्हणाले, हा जर आत जाऊन सगळं ओकून आला तर मला काय झालंय? आणि गेले खुर्चीत. ओरडले मात्र असे की शेजारच्या दुकानातून लोक बघायला आले.

२८ सप्टेंबर

पोवळ्यांनी दोन बोटं बाहेर काढली. फूल खडकामागे जाऊन चिकटलंय, पण चमत्कारिक लांबुळकं. मधोमध ताणल्यासारखं. फाटतंय की काय? बाईंना बोलावलं. म्हणाल्या, हात लावू नकोस.

पेला चालूच.

५ ऑक्टोबर

दोन फुलं!

फाटलं नव्हतं. वाटून घेतलं स्वतःला. फार त्रास झाला की काही फुलं असं करतात, बाईंनी सांगितलं. एक खडकावर बसलं, दुसरं काचेला. दोघांनी कोळंबीचा तुकडा गिळला. चेलागाटने टाळ्या वाजवल्या. आजोबा नुसते दात नसलेली जागा दाखवत हसले.

बाई म्हणाल्या, एवढ्याशा पेटीत दोन मावायची नाहीत. माळ्यावर जुनी पेटी आहे, काच शाबूत आहे. एक तुझ्या खोलीत ठेव. पण ते सांभाळायला माणूस कायम लागतो, हे माहीत आहे ना?

मी हो म्हटलं. मग जरा घाबरलो.

६ ऑक्टोबर

पिशवी रिकामी केली. खाटेखाली पाण्याच्या डब्यांना जागा हवी होती.

आईचा फोन. "कुठे आहेस आता?" म्हटलं, तिथेच.

ती म्हणाली, "आजारी आहेस का रे?"