उपासातली गोळी

२९ सप्टेंबर २०१६, गुरुवार
आजपासून महिपतची जिम्मेदारी माह्यावर. मायले कापसातून फुरसत नाई, अन् मी तं आठवीपासून घरीच हाय. बेला गावच्या दवाखान्यात दर गुरुवारी लेकरांची डॉक्टर मॅडम येते. म्हणे, तुह्या भावाचं डोकं चांगलं हाय, फक्त एका जागी टिकत नाई. एडीएचडी म्हणतात त्याले. रोज सकाळी जेवल्यावर एक गोळी. एका वेळी एकच काम सांगाचं, केलं तं शाबासकी द्याची.
शाळेतले माणिकराव सर म्हणे, दसऱ्याच्या सुट्ट्यांनंतर बी वर्गाच्या खिडकीतून पळाला तं ताईवानी घरीच बसन. लय लागलं मले. पंधरा दिवसांत पोरगं सुतासारखं सरळ करतो.

३० सप्टेंबर
गोळी दिली. शाबासकी दिली. अर्धा घंटा गणितं करत बसला! मीच डॉक्टर व्हायले पायजे होती.

१ ऑक्टोबर
घट बसले. महिपत म्हणे, मीबी नऊ दिवस उपास धरतो. साबुदाण्यासाठी, दुसरं काय. मॅडमनं गोळी जेवल्यावर सांगतली. उपासात जेवण कुठी? म्हणजे गोळी नाई. नियम म्हणजे नियम.

३ ऑक्टोबर
साबुदाणा जेवणात धरतात काय? मायले इचारलं. म्हणे, जेवला असता तं उपास कायचा, येडे! झालं. तरी दवाखान्यात फोन लावला. रिंग वाजली अन् मी कट केला. तिकून तेलुगूत बोलले असते तं? मले तं येत नाई.

६ ऑक्टोबर
महिपतले एका दमात सांगतलं : पाणी आण, कोंबड्या हाकल, हात धू, घटाले हात लावू नको. त्याले घट तेवढा आयकू आला. गहू उगवला का पाहाले उकरून ठेवला. मायनं झोडपलं. चूक माही होती. चार कामं एकदम मीच सांगतली. उद्या मायले सांगतो.

७ ऑक्टोबर
नाई सांगतलं. तिचं डोकं दुखून राह्यलं होतं.

११ ऑक्टोबर, दसरा
सोनं वाटलं. आज तेलंगणा सरकारनं आमच्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे केले. मॅडम नव्या निर्मल जिल्ह्यात चालली म्हणतात, हा गुरुवार शेवटचा. बरं झालं. नाई, वाईट झालं. गुरुवारी सगळं खरं सांगतो. हिंदीत पाठ केलं : मॅडम, गलती मेरी है.

१३ ऑक्टोबर, गुरुवार
मॅडमनं इचारलं, गोळी रोज दिली ना? माही मान आपोआप हालली. तरी फरक नाई? मंग दुप्पट द्या लागन, म्हणे. लिहाले लागली. दुप्पट गोळी, अन् पाठ केलेलं हिंदी मी मनातच म्हणून राह्यली होती.
तेवढ्यात टेबलाखालून महिपत हिंदीत वरडला, की नऊ दिवस गोळी खाल्लीच नाई, उपास होता, ताईले बोलाची लाज वाटते!
मॅडमनं पेन ठेवला. रागावली असती तं बरं झालं असतं. महिपतले म्हणे, खरं बोलला, शाबास. उपासात बी काहीतरी खाऊन गोळी घ्याची. दवाई तेवढीच ठेवली. नव्या डॉक्टरले सांगून जाते म्हणे. अन् महिपतले म्हणे, आजपासून गोळीची आठवण तूच करजो. ताईले एका वेळी एकच काम सांगत जा.
बस सुटली. महिपत म्हणे, ताई, गोळ्या?
मॅडमच्या टेबलावरच राह्यल्या.
बस थांबवाले माहा आवाज निघाला नाई. तोच वरडला. मी धावत जाऊन आणल्या. म्हणे, शाबास, ताई.
मायले घटाचं सांगाचं बाकी हाय. पण एका वेळी एकच काम.