भट्टीमागच्या खुंट्या

४ मार्च
खुंट्या ठोकल्या! मोजणीवाला सकाळपासून तीन पायांच्या तिकाटण्यावरच्या दुर्बिणीला एक डोळा लावून उभा होता आणि त्याची माणसं लाल डोक्याच्या खुंट्या ठोकत होती. म्हणजे स्टेशन इथंच, बोगद्याच्या तोंडाशी, आमच्या तळावर. सगळे खूश. मी पाव भाजत होते. वळून बघते तर पाच खुंट्या माझ्या भट्टीच्या मागं! म्हणजे भट्टी आत, घर आत, शेजारचं लोहाराचं घरही आत.

खुंट्यांच्या आतलं सगळं पाडून तिथं जादा रूळ टाकणार, गाड्या उभ्या करायला. बाहेर राहिलेल्यांना जागेचा कागद मिळणार, गाव त्यांचं. आतल्यांनी बिऱ्हाड उचलून वरच्या तळावर चढायचं.

यांना सांगितलं तर म्हणाले, रेल्वेवाल्याला गाव नसतं, मुकादमाशी लग्न केलंस तेव्हा माहीत नव्हतं का. नव्हतं माहीत!

५ मार्च
सहा वर्षांत हा पाचवा तळ. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. घराच्या फळ्यांवर आकडे घातलेले आहेत – एक ते एकोणसाठ. रूळ पुढं गेले की फळ्या सोडायच्या, मालगाडीच्या वाघिणीत भरायच्या, वर नेऊन आकड्यांप्रमाणे पुन्हा जोडायच्या. भट्टी काही अशी सोडता येत नाही. पाच बांधल्या, चार मागं टाकल्या. तिसऱ्या तळावर आमची पहिली मुलगी तापानं गेली, दोन वर्षांची. तिलाही तिथंच ठेवून आलो. आता तिथं चिटपाखरू नाही.

मला सातवा लागलाय. हे मूल मला हलत्या घरात वाढवायचं नाही. इथंच राहायचंय. एवढंच हवंय, दुसरं काही नको.

७ मार्च
हे रेल्वेच्या साहेबाला भेटून आले. साहेब म्हणाला, नकाशावर रेघ पडली की पडली. एवढं सांगून हे पोटभर जेवले आणि घोरायला लागले. दगड आहे नुसता!

९ मार्च
केलं.

आज बोगद्यात सुरुंगाचा दिवस. भर दुपारी लाल बावटा चढला, घंटा झाली, की सगळ्या तळानं ओढ्यापलीकडं जायचं. पाऊण तास इकडं फिरकायचं नाही, साहेबानंसुद्धा. लोहारणीला म्हटलं, तू हो पुढं, पाव काढते आणि आलेच. आणि भट्टीआड बसून राहिले. यांनी हाका मारल्या, तर ओ दिली नाही; मी पुढं गेले असं समजून हेही गेले.

सगळे गेल्यावर पाचही खुंट्या उपटल्या. मोजून वीस-वीस पावलं रुळांकडं नेल्या, मोगरीनं ठोकल्या. रांग सरळ आली का तेही मोजणीवाल्यासारखा एक डोळा मिटून बघितलं. जुनी भोकं राखेनं बुजवून वर माती लोटली. चौथी ठोकताना पहिला सुरुंग उडाला आणि खडे पार अंगावर आले. पोटातलं लाथा मारत होतं. सातव्या महिन्यात हे धंदे! पण आता खुंट्या माझ्या दाराच्या पायरीला लागून. भट्टी बाहेर, घर बाहेर, लोहाराचंही बाहेर.

१० मार्च
कुणाच्या लक्षात आलं नाही. मी तर तिकडं बघतसुद्धा नाही. चोराच्या मनात चांदणं.

१६ मार्च
पुन्हा सुरुंग. या खेपेला शहाण्यासारखी सगळ्यांबरोबर ओढ्यापलीकडं गेले. हे सर्वांत शेवटी आले, तळ रिकामा झाल्याची खात्री मुकादमानं करायची असते. पण फारच उशीर केला. जीव टांगणीला लागला माझा. विचारलं तर म्हणाले, कुणाची तरी शेळी राहिली होती, ती हाकलत होतो.

१७ मार्च
खुंट्यांवरून स्टेशनच्या हद्दीच्या भिंतीचा पाया खणायला घेतला, यांच्याच माणसांनी. मला वाटलं होतं पायरीला खेटून येईल. बरीच लांब दिसते. घाबरून माझी पावलं मोठी पडली असतील.

२५ मार्च
तळावर पहिला न्हावी आला. गडी सगळे रांगेत. संध्याकाळी निम्म्यांना त्यांच्या बायकांनी ओळखलं नाही. आता गाव म्हणायला हरकत नाही.

२ एप्रिल
आमच्या गल्लीला जागेचे कागद मिळाले. लोहारीण कागद छातीशी धरून ढसाढसा रडली. मीही रडले. हे म्हणाले, भिजवू नका, शाई पसरेल.

१९ एप्रिल
भिंत पुरी झाली आणि आज भांडं फुटलं. तिसरा रूळ टाकायला गेले तर जागाच पुरेना! मोजणीची साखळी लावून मोजलं, वही काढली, पुन्हा मोजलं. साहेबानं मोजणीवाल्याला शंभर माणसांसमोर फाडून खाल्लं. नोकरी जाणार त्याची.

दुपारी तो भट्टीपाशी येऊन बसला. पाव दिला, तो हातातच धरून राहिला. म्हणाला, "चाळीस पावलं चुकलो, वहिनी. अकरा वर्षांत वीतभर चुकलो नव्हतो."

चाळीस कशी? मी वीस मोजली होती. पण मी भट्टीत लाकडं सारत राहिले. त्या माणसानं माझं काय वाकडं केलं होतं? दिवसभर स्वतःचीच लाज वाटतेय.

२० एप्रिल
यांना सगळं सांगून टाकलं. सुरुंगाच्या दिवशी खुंट्या मी हलवल्या, वीस पावलं. उद्या साहेबाला जाऊन सांगणार. कागद गेला तर जाऊ दे, त्या बिचाऱ्याचं पोट नको मारायला.

हे बुटाची नाडी सोडत होते, ती सोडतच राहिले. मग म्हणाले, "एकटी जाऊ नकोस. पायरीशी खुंट्या दिसल्या तेव्हाच ओळखलं होतं मी. पुढची वीस माझी आहेत. पोराला खेळायला अंगण नको का?"