पाळीपासून शंभर मीटर

७ मे
ग्रामसभेत ठराव झाला. तलावापासून शंभर मीटर घर नको, लेआउट नको. नव्या आराखड्यात तलावाच्या पश्चिमेला पिवळा रंग भरलाय, म्हणजे जमीन घरांसाठी मोकळी. हरकत घ्यायची मुदत महिनाअखेरपर्यंत. ठराव मी लिहिला. सरपंच (माझाच विद्यार्थी, सातवीत दोनदा बसलेला) म्हणाला, "बाई, तुमच्यासारखं मराठी कोणाले येते?" फुगले. खरं ते खरं.

९ मे
वर्ध्याला जाऊन हरकत दिली, ठराव जोडून. पोच घेतली. ऊन असं की बोलायची सोय नाही. स्टँडवर उसाचा रस, दोन ग्लास. झकास वाटलं.

१६ मे
सुमन मासोळी घेऊन आली. ढिवरांची, तिचं घर तीन पिढ्या या तलावावर चालतं. तिला ठराव वाचून दाखवला. शाबासकीसाठीच, खोटं कशाला बोलू. 'तलावाच्या पाळीपासून शंभर मीटर' इथंच तिनं थांबवलं.

"बाई, पाळ त एकाच बाजूले हाय. पल्याड कुठी हाय पाळ? मंग तिकडं कुठून मोजसान?"

आम्ही सगळे 'पाळीवर जाऊन येते' म्हणतो, म्हणजे तलावावर. पण पाळ म्हणजे मातीचा बांध, तो फक्त पूर्वेला. तिथं पाळीखाली कोण घर बांधतंय? पश्चिमेला पाणी उघडं पसरतं, आणि लेआउटवाल्यानं चुन्याच्या रेघा मारल्यात त्या तिथंच. म्हणजे राखायची ती बाजू मीच सोडून दिली.

चौतीस वर्षं पोरांच्या वह्यांत लाल शाई ओतली. जेवण गेलं नाही.

१७ मे
सरपंचाला सांगितलं. हसत सुटला. "मंग बाई, आता तुमाले आंगठे धराले लावू का?" मीही हसले, जरा उशिरा. पुन्हा सभा लावतो म्हणाला.

'पाळ' काढून लिहायचं काय? 'पाण्याच्या काठापासून' म्हणावं, तर मे महिन्यात काठ पार आत गेलेला. सुमनचं उत्तर तयार. "पावसाळ्यात पाणी कुठवर चढते थे बेशरम सांगते. पाहा नं, कशी रांगेनं उभी हाय."

सरकारी कागदात 'बेशरम'? काठावरच्या झुडपाचं नाव असलं म्हणून काय झालं, मी नाही लिहायची.

२१ मे
लिहिलं. 'पावसाळ्यात पाणी चढते तिथपासून, म्हणजे बेशरमाच्या झुडपांच्या रांगेपासून, शंभर मीटर.' सभेत वाचलं तेव्हा बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. मंजूर. उद्या वर्धा, दुरुस्ती द्यायला. मुदतीत आहोत.

२६ जून
वर्ध्याला सुनावणी. सुमन सोबत. आराखड्याचे साहेब तरुण, बोलणं तुटक. "आधी पाळ, आता बेशरम. नेमकं काय?"

उभी राहिले. म्हटलं, पहिली चूक माझी. मराठीची शिक्षिका होते, तरी झाली. या सुमननं दाखवून दिली. लाज वाटेल वाटलं होतं, नाही वाटली. उलट हलकं वाटलं.

लेआउटवाल्यांचे वकील म्हणाले, जमीन कोरडी आहे, सातबाऱ्यावर जिरायत. साहेबांनी दोन्ही कागद बाजूला ठेवले. ऑगस्टमध्ये येऊन पाहतो म्हणाले. येतात का, कोण जाणे. परतीच्या बसमध्ये सुमन माझ्या खांद्यावर झोपली, थेट समुद्रपूरपर्यंत. खांदा अवघडला, पण हलवला नाही.

२२ ऑगस्ट
साहेब आले! पाळीवर उभे राहून फोटो काढत होते. पाणी कुठवर येतं, विचारलं. सुमननं बोट दाखवलं नाही. "चाला नं साहेब," म्हणाली आणि निघाली. साहेब मागं. माझे गुडघे असले, मी सरपंचासोबत पाळीवरच बसून. दोघं लहान लहान होत गेले. पार पश्चिमेला, चुन्याच्या रेघा होत्या तिथं, साहेब रुतले. सुमननं हात देऊन ओढलं. सरपंच उठून धावायला निघाला, मी खाली बसवला.

दीड तासानं आले. बूट हातात, पँट गुडघ्यापर्यंत चिखलात. त्या सातबाऱ्यावरच्या कोरड्या जमिनीचा चिखल.

"नकाशात एवढा दिसत नाही तलाव." तलावाबद्दल एवढंच बोलले. निर्णय पत्रानं कळवू म्हणाले. चहा नको, पाणी मागितलं. सरपंचानं पाय धुवायला बादली पुढं केली, तर नको म्हणाले. तसेच चिखलाच्या पायांनी गाडीत बसले आणि वर्ध्याला गेले.