हळद्यामागचा निळा

ता. १२ मे

प्रिय ताई,

नमस्कार. मी इकडे ठीक. तू कशी आहेस असं विचारलं की तू ‘छान’ म्हणणार, म्हणून विचारतच नाही. डोक्याचे टाके काढले का, एवढं कळव.

हळद्या अखेर मिळाला. तुमच्या परसामागच्या ओढ्यापलीकडे, त्या रानतुतीवर. एवढा पिवळाधमक पक्षी, पण पानांत असा दडतो की नुसती शीळ ऐकून मान अवघडते. तुती पिकल्या की मात्र त्याला हाव सुटते आणि नर थेट शेंड्यावर येऊन बसतो. मी कापडी आडोशात मुंग्यांकडून चावून घेत बसले होते. लहानपणी दिवसभर ओरडायचे म्हणून तू मला टिटवी म्हणायचीस ना? ती टिटवी सकाळभर शिंकसुद्धा दाबून बसली होती. पटतंय का बघ.

फोटो सुरेख आलाय. चोचीत काळी तुती, रस गळ्यावर ओघळलेला. मागे सगळं धूसर, आणि त्या धूसरात एक निळा ठिपका हलत होता. पिवळ्यामागे निळा फार खुलतो. तो ठिपका सरकला की मीही कॅमेरा सरकवायचे, तो पक्ष्याच्या बरोबर मागे यावा म्हणून. खूश होते गं मी. वाटलं, दोरीवर चादर हलतेय.

हळद्या उडाला आणि मी सहज फोकस त्या निळ्यावर आणला. तो तुझा गाऊन होता.

दाजींनी तुझे केस मुठीत धरले होते आणि तुझं डोकं पाण्याच्या टाकीच्या कडेवर आपटत होते. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. अगदी शांतपणे, कपडे आपटावेत तसे. माझं बोट बटणावर होतं ते तसंच दाबलेलं राहिलं, म्हणून तेही फोटो आले. पक्ष्यापेक्षा स्पष्ट आलेत.

पुढचं तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण पोलिसांपुढे मी ‘आठवत नाही’ म्हणाले होते. सगळं आठवतं. ट्रायपॉड उचलून ओढ्यातून धावत आले. पहिला फटका त्याच्या कोपरावर बसला, हाड मोडल्याचा आवाज झाला. दुसरा जबड्यावर. (त्याला अहोजाहो करणं आता माझ्याच्यानं होत नाही, माफ कर.) तो खाली पडला, दात थुंकला, “बस, बस” म्हणाला. मी थांबले नाही. मला बरं वाटत होतं, ताई. तू माझ्या मनगटाला कडाडून चावलीस म्हणून हात थांबला, नाहीतर त्याचा जीवच गेला असता. तुझ्या दातांची खूण अजून आहे.

आणि मग हवालदाराला तू काय सांगितलंस? “मी पाय घसरून पडले. ही लहानपणापासूनच तापट आहे.” तुझ्या कपाळावरून रक्त गळत होतं आणि तो मान डोलवत लिहून घेत होता. मला असा संताप आला, की ट्रायपॉड तुझ्यावरच उगारावा असं वाटून गेलं.

सध्या जामिनावर आहे. सोमवारी तारीख. वकीलबाई म्हणतात, “काहीतरी कारण दाखवा हो, नाहीतर आत जाल.” कारण माझ्या पर्समध्येच होतं. मी म्हटलं, माझ्याकडे फक्त पक्ष्याचे फोटो आहेत.

कॅमेऱ्यातलं ते कार्ड या पाकिटात घातलंय. दुसरी प्रत ठेवलेली नाही, तुझी शपथ. इतकी वर्षं तू लांब बाह्यांखाली झाकलंस, ते तुला न विचारता मी भर कोर्टात उघडं करणार नाही. तू कार्ड जाळून टाकलंस तर सोमवारी मी गप्प उभी राहीन आणि मिळेल ती शिक्षा भोगेन. पण जाळायच्या आधी एकदा बघ. हळद्या संपला तरी थांबू नकोस, पुढचे फोटोही बघ. टाकीपाशी तू कशी दिसतेस, ते तू कधी पाहिलेलं नाहीस.

तो रविवारी दवाखान्यातून घरी येतोय असं ऐकलं. एक हात प्लास्टरमध्ये आहे, पण दुसरा धड आहे, आणि तेच माझ्या डोक्यातून जात नाही. माझी खोली लहान आहे. दोघींना पुरेल. दाराला आतून कडी आहे, कालच नवी बसवून घेतली.

गप्प बसायला मी आता शिकलेय. तू सांगशील तेव्हाच ओरडेन.

वाट बघतेय,
तुझी टिटवी