शेवटच्या ओळीच्या अक्षरात

प्रिय धाकटे,

काल दुपारी तुझा नवरा माझ्याकडे येऊन गेला. मागच्या दाराने आला, चोरासारखा. खुर्चीवर नीट टेकायच्या आधीच म्हणाला की ताई, एक काम आहे, पण बाबांच्या कानावर जाता कामा नये. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. गेले सहा महिने तुझं डोकं दुखतंय. आधी डोळ्यांसमोर चमचमत्या वेड्यावाकड्या रेघा येतात, मग अर्धं डोकं फुटायला येतं, ओकाऱ्या होतात, आणि तू खिडक्यांवर चादरी टांगून दिवसदिवस पडून राहतेस. माझं डोकं ज्या डॉक्टरबाईंनी ताळ्यावर आणलं त्यांचा पत्ता त्याला हवा होता. मी त्याला चहा दिला आणि म्हटलं, पत्ता असा तोंडी सांगण्यासारखा नाही, लिहून पाठवते. बिचारा माझे आभार मानत गेला. तर हे ते लिहिणं. पत्त्याचं सगळ्यात शेवटी सांगणार आहे. शेवटचं पान आधी उघडून बघायची तुझी जुनी खोड मला ठाऊक आहे, पण तसं करू नकोस, कारण मधलं वाचल्याशिवाय शेवटचं तुला कळायचं नाही.

अक्षर बारीक आहे हे एव्हाना लक्षात आलंच असेल. आपल्या दुकानातल्या डोळे तपासायच्या तक्त्याची सगळ्यात खालची ओळ असते ना, तेवढ्या आकाराचं ठेवलंय. मुद्दाम ठेवलंय. पेन्सिलही फिकी निवडली. तुझं डोकं दुखत असताना अशी पाच पानं वाचायची म्हणजे काय होईल याची मला पुरेपूर कल्पना आहे, आणि खरं सांगते, तुझा नवरा तुझे हाल सांगत होता तेव्हा माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. चेहरा मात्र मी अगदी मोठ्या बहिणीला शोभेल असा ठेवला होता. अरेरे, कधीपासून, काही खाते का ती, असं सगळं विचारलं. नाटकी म्हणतेस ना तू मला, मग थोडं करून दाखवलं.

माझं सुरू झालं तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते, म्हणजे तू आज आहेस त्याहून एका वर्षाने लहान. पहिल्यांदा झालं ते चाचणीच्या खोलीत. एका म्हाताऱ्या सुताराचा नंबर काढत होते. त्याच्या डोळ्यांवर चौकट चढवली, भिंग घातलं, आणि कार्डावर आकडा लिहायला गेले तर कार्डाचा अर्धा भाग दिसेचना. पांढरा, थरथरता डाग. मला वाटलं, संपलं. चष्म्याच्या दुकानात जन्म गेला आणि आपलेच डोळे गेले. वीस मिनिटांनी डाग गेला आणि डोकं सुरू झालं, आणि मी त्या सुताराला उद्या या म्हणून सांगून मागच्या खोलीत खोक्यांवर आडवी झाले. त्यानंतर महिन्यातून दोनदा, मग चारदा, मग मोजायचंच सोडून दिलं. पाळीही तेव्हाच बिघडली होती, कधी वीस दिवसांनी, कधी पन्नास. या दोन्हींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं माझ्या डोक्यात आलं नाही, आणि दुसऱ्या कुणी सांगितलंही नाही. पहिल्या डॉक्टरने ताण म्हटलं, दुसऱ्याने पोट साफ ठेवा म्हटलं, आणि तू, माझी सख्खी बहीण, तू नाटक म्हटलंस.

तुझ्या मुलाचा वाढदिवस आठवतो का? मी सकाळीच कळवलं होतं की मला उजेड सहन होत नाही, येत नाही. तू तीनदा फोन करून बोलावून घेतलंस. आणि सगळी मंडळी जमल्यावर डोक्याला हातरुमाल करकचून बांधून, डोळे अर्धे मिटून, भिंतीला धरत धरत चाललीस, माझ्या आवाजात दिवा बंद करा गं म्हणालीस, आणि लोक पोट धरधरून हसले. बाबा हसले. मीही हसले, कारण न हसणारी मी तेवढी एकटीच दिसले असते. मग न्हाणीघरात जाऊन ओकले आणि नळ सोडून ठेवला, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. नक्कल मात्र छान केली होतीस. आता आरशासमोर पुन्हा करून बघ, रुमाल कुठे बांधायचा ते आता तुला जास्त बरोबर कळेल.

तरी त्यासाठी मी तुझ्यावर डूख धरला नसता. डूख धरला तो शिवणाच्या बाईंवरून. शिवणकाम शिकवणाऱ्या त्या ठेंगण्या बाई, ज्यांच्या डाव्या डोळ्याला तिरक्या नंबराची काच लागायची. नवा चष्मा नेल्यावर चौथ्या दिवशी त्या जिन्यावरून पडल्या आणि मनगट मोडलं. हाताला प्लास्टर घालून दुकानात आल्या, तक्रार करायलाही नाही, नुसतं विचारायला, की या चष्म्यातून पायऱ्या तिरक्या का दिसतात. बाबांनी काच मोजली, बाईंचा डोळा पुन्हा तपासला. काचेचा कोन पंधरा अंशांवर बसवला होता आणि हवा होता दीडशेवर. बाबांनी ऑर्डरची वही बघितली. वहीत तुझ्या अक्षरात पंधरा. बाबांनी माझं कार्ड मागितलं, ज्यावरून तू वहीत उतरवून घेतेस ते. तू सगळं खोकं उलथंपालथं केलंस आणि म्हणालीस की सापडत नाही, ताईने त्या दिवशी कार्ड भरलंच नसेल, नंबर तोंडीच सांगितला. मग गिऱ्हाइकांसमोर, त्या बाईंसमोर, तू हळू आवाजात म्हणालीस, “त्या दिवशी ताईचं डोकं चढलं होतं.”

बाबांनी माझ्याकडे बघितलंही नाही. “उद्यापासून तू चष्मे पुसायला बस,” एवढंच म्हणाले. सव्वीस वर्षं मी त्या खोलीत नंबर काढले होते. तुला भिंग धरायला मी शिकवलं होतं, रडणाऱ्या पोराचा नंबर कसा काढायचा ते मी शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी माझ्या जागेवर तू उभी होतीस आणि मी काउंटरच्या टोकाला बसून फ्रेमच्या काड्यांचे स्क्रू आवळत होते.

आणि सगळ्यात वाईट काय सांगू? मी तुझ्यावर विश्वास ठेवला. मला तो दिवस आठवतच नव्हता. डोकं दुखण्याच्या दिवसांचं असंच होतं, दिवसच्या दिवस पुसले जातात, आता तुलाही अनुभव येत असेल. मला वाटलं, असेल, मीच चुकले असेन. मी त्या बाईंच्या घरी गेले, माफी मागितली, प्लास्टर निघेपर्यंत दर दोन दिवसांनी जाऊन त्यांची कापडं कापून दिली. त्या म्हणायच्या, अहो जाऊ द्या, होतं असं. तीन वर्षं मी स्वतःला सांगत होते की माझ्यामुळे एका बाईचा हात मोडला. साधी गल्ली ओलांडतानाही आपल्याला दिसतंय ते खरं आहे ना असं वाटायचं. ती तीन वर्षं तू माझी खाल्लीस.

आता डॉक्टरबाईंबद्दल. त्या बाबांसारख्याच तुसड्या आहेत, तुझं जमेल. मी डोक्याचे फोटो पुढे केले तर म्हणाल्या ते ठेवा बाजूला, मला तारखा हव्यात. कोणत्या दिवशी दुखलं, कोणत्या दिवशी पाळी आली, किती गोळ्या खाल्ल्या. पाळी जायच्या आधीच्या चार-सहा वर्षांत शरीरातले बायकांचे हार्मोन्स एकदम चढतात आणि एकदम कोसळतात, आणि ज्यांच्या डोक्याला मुळातच ही खोड असते त्यांचं डोकं त्या कोसळण्याबरोबर उठतं, असं त्यांनी सांगितलं. वर मी महिन्याकाठी वीस-वीस दिवस वेदनेच्या गोळ्या खात होते, त्या गोळ्याच उलट डोकं दुखवत होत्या. त्या आधी बंद केल्या. पहिले दोन आठवडे भिंतीवर डोकं आपटायचंच काय ते बाकी होतं, तुझंही तसंच होईल. मग कमरेच्या कातडीला चिकटवायची एक औषधाची पट्टी दिली, आठवड्यातून दोनदा बदलायची, म्हणजे ते चढणं-कोसळणं जरा आवरतं. आणि दुखायला लागताक्षणी घ्यायची वेगळी गोळी. तुला हेच देतील असं नाही, तपासल्याशिवाय त्या काही देत नाहीत, तेव्हा माझी पट्टी मागायला नवऱ्याला पुन्हा मागच्या दाराने पाठवू नकोस. मला आता महिन्यातून एखाददुसरा दिवस त्रास होतो. बाकी दिवस मी सकाळी उठते आणि काहीच दुखत नसतं, आणि मी तशीच पाच मिनिटं पडून राहते, नुसती मजा घेत.

पण त्या तारखा. बाईंना अगदी सुरुवातीच्या, मी नंबर काढायचे तेव्हाच्याही हव्या होत्या, आणि मी कुठे लिहून ठेवल्या होत्या? मग सुचलं की डोकं दुखत असेल त्या दिवशी मी नंबर काढत नव्हते, आणि ज्या दिवशी काढले त्या प्रत्येक दिवसाचं माझ्या अक्षरातलं कार्ड आपल्या माळ्यावर आहे. बाबा कार्ड फेकत नाहीत. जिथे माझी कार्डं नाहीत ते दिवस दुखण्याचे. तुम्ही सगळे जेवायला जायचात तेव्हा मी रोज माळ्यावर चढून खोकी चाळत होते. आठव्या दिवशी शिवणाच्या बाईंचं कार्ड सापडलं. त्या महिन्याच्या खोक्यात नाही, आठ महिने आधीच्या खोक्यात, सगळ्यात तळाशी, उलटं घातलेलं. डावा डोळा, कोन दीडशे. माझं अक्षर, स्वच्छ, ठसठशीत. त्या दिवशी मी एकूण नऊ जणांचे नंबर काढले होते. माझं डोकं अजिबात दुखत नव्हतं.

वहीत उतरवताना तुझ्या हातून एक शून्य सुटलं, एवढंच असतं तर मी दोन शिव्या घालून विसरून गेले असते. माणूस चुकतं. पण तू माळ्यावर चढलीस, जुनं खोकं शोधलंस आणि ते कार्ड पुरलंस. फाडून का नाही टाकलंस हे मला अजून कळलेलं नाही. शेवटी बाबांचीच मुलगी, कार्ड फाडायला हात धजावला नसेल. हे मला सापडून सात महिने झाले. मी गप्प बसले, कारण सूड घ्यायचा तर डोकं शांत हवं, आणि माझं नुकतंच शांत व्हायला लागलं होतं. तेवढ्यात तुझं सुरू झालं. मी काउंटरच्या टोकावरून बघत होते, तू नंबर काढताना मध्येच थांबतेस, कार्ड डोळ्यांजवळ नेतेस, लांब नेतेस, गिऱ्हाइकाला उद्या या म्हणतेस. तुझ्या नवऱ्याने सांगायच्या कितीतरी आधी मला माहीत होतं. बाबांना कळलं तर माझी जागा जाईल, असं तू त्याला म्हणालीस ना? त्याने तेही सांगितलं, भोळा आहे.

तर आता पत्ता. तो या पत्रात नाही. आज सकाळी मी तो एका पाकिटात घालून बाबांच्या हातात दिला आणि म्हटलं, धाकटी मागायला येईल तेव्हा उघडा. पत्त्याबरोबर शिवणाच्या बाईंचं कार्डही त्याच पाकिटात आहे. स्वतः वाचल्याशिवाय बाबांनी आजवर घरात कुणाच्या हाती कागद दिलेला नाही हे तुला सांगायला नको. डॉक्टर कशाला, असं ते विचारतीलच. आई सगळा जन्म मागच्या खोलीत कपाळ दाबून पडायची आणि बाबांनी विचारलं की झोप झाली नाही म्हणायची. मी सांगायला गेले तर तू मला हसण्यावारी नेलंस. आता तू त्यांच्यासमोर उभी राहून सांग, की असं डोकं खरंच दुखतं, दिसेनासं होतं, आणि हे नाटक नसतं. तू त्यांची लाडकी, कदाचित पटेल त्यांना. नाही पटलं तर मला तीन वर्षं कसं वाटलं ते तुला कळेल, मला दोन्ही चालेल. न जाता बसलीस तरी हरकत नाही, फक्त रेघा दिसत असताना लोकांचे नंबर काढशील तर कुणीतरी पुन्हा पडेल, आणि या वेळी कार्ड तुझ्या अक्षरातलं असेल. बाईंची वेळ मी तुझ्या नावाने घेऊन ठेवली आहे, गुरुवारी साडेदहा. त्या दीड-दीड महिना कुणाला वेळ देत नाहीत, मी हातापाया पडून मिळवली. म्हणजे पत्ता तुला गुरुवारच्या आत लागेल. बाबा दुकानात दहापासून असतात. मी तिथेच शेजारी चष्मे पुसत बसलेली असेन, आणि एक शब्दही बोलणार नाही.

तुझीच,
मोठी